पडलो नाही, लोंबकळलो

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा, दोन्ही पाय जमिनीला टेकवून केलेला नमस्कार. (पाय टेकलेले असण्याचं एवढं काय, ते पुढे कळेल.) तुझी तब्येत कशी आहे? मागच्या पत्रात तू 'गुडघे ठीक आहेत' असं दोनदा लिहिलं होतंस. ठीक असलेल्या गुडघ्यांबद्दल माणूस एकदासुद्धा लिहीत नाही, तेव्हा काय लपवते आहेस ते उलट टपाली कळव. भावोजींनाही नमस्कार सांग. त्यांनी पत्राच्या तळाशी स्वतःच्या हाताने 'काळजी घे' असं लिहिलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी लिहिलेलं नाही. त्यामागे काय असावं, याचा मी अजून विचार करतो आहे.

एव्हाना तुझ्या कानावर आलंच असेल की मी वाचनालयाच्या छपरावरून पडलो. कुणी सांगितलं तेही मला ठाऊक आहे, तुझ्या भावजयीच्या पोटात काही राहत नाही. तर पहिली गोष्ट अशी, की मी पडलेलो नाही. मी लोंबकळलो. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो फक्त लोंबकळलेलाच सांगू शकतो, कारण पडलेला सांगायला उरत नाही.

मुळापासून सांगतो. आमच्या ठेकेदाराकडे आजवर सुरक्षेची एकच व्यवस्था होती : खाली उभं राहून 'जपून रे!' म्हणून ओरडणं. (तेही त्याची चहाची वेळ नसेल तर.) असा माणूस वाचनालयाचे फुटके पत्रे बदलायच्या या कामावर एका सकाळी एका बाईंना घेऊन आला आणि म्हणाला, आजपासून या तुमच्या सुरक्षेचं बघतील. बाईंच्या डोक्यावर जमिनीवर उभं असतानासुद्धा हेल्मेट! आकाशातून काय पडणार आहे हे ज्याला आधीच माहीत असतं तोच असा वागतो, असं मला तेव्हा वाटलं. त्यांनी आम्हा प्रत्येकाला एकेक पट्टा दिला. खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती आवळायचा. पाठीवर एक कडी, कडीला दोर, दोराच्या टोकाला हुक. आणि इमारतीच्या मुख्य तुळईला त्यांनी स्वतः उभं राहून एक जाडजूड लोखंडी कडं बसवून घेतलं. हुक या कड्यातच अडकवायचा, म्हणाल्या, दुसरीकडे कुठेही नाही. आता तूच सांग, एवढ्या मोठ्या छपरावर एकाच जागेचा एवढा आग्रह कशासाठी? मला तर हा सरळसरळ दावणीला बांधण्याचा प्रकार वाटला. कामाच्या मधेच खाली उतरून कुणी पाय मोकळे करू नयेत, हा ठेकेदाराचा डाव.

पण डाव घरापर्यंत पोचलेला आहे हे त्याच संध्याकाळी समजलं. मी घरात पट्ट्याचं अवाक्षर काढलं नव्हतं, तरी तुझ्या भावजयीने भाजी चिरता चिरता विचारलं, "मांडीला काचत तर नाही ना?" माझ्या हातातला पेला तसाच राहिला. मग आठवलं, आदल्या आठवड्यात तिने टेप घेऊन माझ्या छातीचं आणि मांडीचं माप घेतलं होतं. पँट शिवते म्हणाली होती. ती पँट अजून मला दिसलेली नाही. आणि पँटीला छातीचं माप कशाला लागतं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. (मला वाटलं, फॅशन असेल.)

तिसरा संशयित माझा जोडीदार, मौनी. हा माझ्याबरोबर इतकी वर्षं पत्रे चढवतो आहे, पण 'हुं' याच्यापलीकडे त्याचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नाही. तर हा मौनी बाई आल्यापासून रोज सकाळी माझ्या मागे उभा राहायचा आणि माझ्या पट्ट्याची शिवण न् शिवण बोटाने तपासायचा. स्वतःचा पट्टा सोडून माझ्या पट्ट्यात एवढं काय बघायचं? मी विचारलं. तो म्हणाला, हुं.

मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. पट्टा घातला, कारण बाई खालून दुर्बीण लावल्यासारख्या बघत असत. पण हुक मात्र त्या कड्यात अडकवत नव्हतो. छपराच्या मधोमध हवा जायचा एक जुना पाइप आहे, गेल्या दुरुस्तीला मी जेवणाचा डबा त्यालाच टांगत असे. ओळखीचा पाइप. नवख्या कड्यापेक्षा तो बरा, म्हणून हुक त्याच्यात. पाठीमागे दोर असला की तो कुठे जातो हे आपल्याला दिसत नाही, पण मला निर्धास्त वाटायचं. बाईंनी एकदा आम्हाला अडकलेल्या माणसाला कप्पीने खाली कसं सोडायचं याचा सराव करायला लावला, तेव्हा तर मी हसून घेतलं. आम्ही काय विहिरीतल्या बादल्या आहोत?

त्या दिवशी मी फुटका पत्रा काढून मागे सरकलो. सिमेंटच्या पत्र्यांच्या मधेमधे उजेडासाठी प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे बसवलेले असतात, ते शेवाळाने इतके काळवंडले होते की कुठला कोणता हे कळत नव्हतं. पाय ठेवला आणि पत्र्याने 'कट्' केलं. एवढाच आवाज. मग पाठीत असा हिसका बसला की दात एकमेकांवर आपटले, आणि डोळे उघडले तर मी वाचनालयाच्या वाचन कक्षात होतो. म्हणजे वाचन कक्षाच्या वर, हवेत. खाली टेबलं नव्हती. बाईंनी त्या भागात दोरी बांधून सगळ्यांना बाजूला बसवलं होतं. (ही दोरी त्यांनी केवळ रुबाब दाखवायला बांधली आहे, असं मी सगळ्यांना सांगत होतो.) पत्र्याचे तुकडे रिकाम्या फरशीवर पडले. वर्तमानपत्रं वाचणारी म्हातारी माणसं वर बघू लागली आणि ग्रंथपाल बाईंनी सवयीने ओठांवर बोट ठेवलं.

मी हळू आवाजात म्हणालो, "माफ करा. शिडी आहे का?"

"आहे," त्याही हळूच म्हणाल्या, "पण ती वरच्या कप्प्यांसाठी आहे. बाहेर देत नाही."

"मी आतच आहे हो," मी म्हणालो.

त्यांनी खरोखरच शिडी आणली, पण ती माझ्या पायांच्या बरीच खाली संपली. एव्हाना मांड्यांचे पट्टे रुतायला लागले होते आणि पायांना मुंग्या येत होत्या. आधी मुंग्या, मग काहीच नाही. ताई, तुला म्हणून सांगतो, ते 'काहीच नाही' फार वाईट. कान गरम झाले, समोरची कपाटं एकमेकांत मिसळायला लागली. तेवढ्यात सुरक्षेच्या बाई धावत आत आल्या आणि त्या शांत खोलीत घसा ताणून ओरडल्या, "पाय हलवा! सायकल चालवा! कमरेजवळची पिशवी उघडा!" मला वाटलं, चारचौघांत माझी फजिती करायची संधी साधताहेत. पण चालवली सायकल, हवेत, वाचकांसमोर. पिशवी उघडली (ती मी शोभेची समजत होतो) तर तिच्यातून पट्ट्यालाच शिवलेली एक पट्टी निघाली. तिचा फास करून त्यात पाय रोवून उभा राहिलो, तशी मांड्यांवरची ओढ कमी झाली आणि डोळ्यांपुढची कपाटं पुन्हा वेगवेगळी झाली. माणूस पट्ट्यात फार वेळ तसाच लटकत राहिला तर तेही जिवावर बेतू शकतं, हे बाईंनी मला नंतर सांगितलं. आधीही सांगितलं असणार. मी तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून हेतू शोधत होतो.

मग भोकाच्या कडेशी मौनीचं डोकं दिसलं. फळीवर पालथा पडून, कप्पीचा दोर हाताला गुंडाळून त्याने खाली पाहिलं आणि म्हणाला, "धरलंय मी."

बस्स, एवढंच. आणि मला एकदम रडू आलं. ग्रंथपाल बाईंनी नजर दुसरीकडे वळवली, हे त्यांचे उपकार. मौनीने मला इंच इंच करत फरशीवर उतरवलं, सरावात केलं होतं अगदी तसंच, मी हसलो होतो तसंच.

दवाखान्यात दिवसभर ठेवून घेतलं आणि सोडलं. मांड्यांवर जांभळे वळ आहेत, बाकी शाबूत. परत कामावर आलो तर बाई माझा पट्टा कात्रीने कापत होत्या. मी म्हटलं, बघा, पुरावा नष्ट चाललाय! त्या म्हणाल्या, एकदा हिसका खाल्लेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो, आणि चुकून कुणी वापरू नये म्हणून कापायचा. पुराव्याचं विचारताय, तर तुमचा हुक कुठे होता ते मौनींना विचारा. मी तोऱ्यात सांगितलं, पाइपाला. त्यावर मौनीने मला शिडीने वर, कड्याशी नेलं. माझा हुक अजूनही कड्यातच होता. मी रोज पाइपाला अडकवायचो आणि हा रोज, माझी पाठ वळली की, काढून कड्यात टाकायचा. संध्याकाळी सोडवायचाही तोच. मग तो पाइपाजवळ गेला, एका हाताने ओढला आणि पाइप मुळ्यासारखा उपटून त्याच्या हातात आला.

मी म्हटलं, अरे, मग मला सांगायचं होतंस!

"ऐकलं असतंस?" तो म्हणाला.

घरी आल्यावर तुझ्या भावजयीला फैलावर घेतलं. ती म्हणाली, होय, मीच बाईंकडे माप दिलं. नेमका तुमच्या अंगाचा पट्टा हवा म्हणून त्यांनी सगळ्यांची मापं मागवली होती, आणि तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही मुद्दाम चुकीचं दिलं असतं. (दिलं असतं.) आता सगळेच निर्दोष निघाल्यामुळे मला जरा चुकल्यासारखं होतंय. भावोजींचा तपास तेवढा शिल्लक आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. : आईला यातलं काही सांगू नकोस.

ता. क. दुसरा : वर सगळं हसत लिहिलंय, पण पत्र लिहायचं कारण निराळंच आहे. पाइप बघायला मौनीच्या मागोमाग एकदा वर गेलो तेवढाच. त्यानंतर मी छपरावर गेलेलो नाही. नवा पट्टा घालतो, शिडीला हात लावतो आणि हात तिथेच राहतो. घरी सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि वाचन कक्षात येऊन बसतो. नियम असा, की वर एकट्याने जायचं नाही, म्हणून मौनीही माझ्याशेजारी येऊन बसतो. सुरक्षेच्या बाई रोज आमच्यासाठी दोन खुर्च्या ठेवतात. ताई, चार दिवस येऊन जा. वर चढ असं म्हणू नकोस, समजावूही नकोस. शिडीच्या पायथ्याशी नुसती उभी राहा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीची सोय आहे.

ता. क. तिसरा : हे पत्र तिथेच बसून लिहितो आहे. मौनी समोर वर्तमानपत्र धरून बसलाय, पण पान कधीचं उलटलेलं नाही आणि नजर तिरकी आहे. माझं पत्र वाचतोय असा मला दाट संशय आहे.

ता. क. चौथा : आत्ताच म्हणाला, "ताईंना माझाही नमस्कार लिही. आणि या म्हणावं, नक्की." वाचतच होता!