डाव्या हातातली चवरी

इलेरेमो, ३ जानेवारी १९५४

चि. गोरोये यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आपला धाकटा तोमी राजा झाला आणि मुकुटाच्या मण्यांच्या झालरीआड गेला. सख्ख्या बहिणीलाही त्याचं तोंड बघायची बंदी. तेही सोसलं. पण गेले दोन महिने झालरीआडचा माणूस आशीर्वादाची चवरी डाव्या हातात धरतो. डाव्या हाताने कुणी गावाला आशीर्वाद देतं का? बोलतही नाही, सगळं भालदारच बोलतो. तो आपला तोमी नव्हेच. सरदारांनी त्याला दडवलंय, की संपवलंय? पुढच्या आठवड्यात ओबातालाचा सण आहे. माणसांची शरीरं घडवणाऱ्या त्या देवाचा बिनमिठाचा गोगलगाईचा नैवेद्य राजाला मीच देते. तेव्हा बघतेच.

कुणाजवळ बोलू नकोस. माया असू दे.

तुझी अक्का, मोरादेके

इबादान, ८ जानेवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

माझ्या बायकोने कितीही कंद कुटला तरी तुला त्यात गुठळी दिसतेच. आता मुकुटाखालचा भाऊही खोटा! काल आपले थोरले सरदार इथे आले होते. गंमत म्हणून तुझं पत्र वाचून दाखवलं. पोट धरून हसले, आणि बायकोला दाखवतो म्हणून घेऊनही गेले. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

पाठीवरचा हात काढू नकोस.

तुझा गोरोये

इलेरेमो, १४ जानेवारी

चि. गोरोये, आशीर्वाद द्यायला हात उठत नाही, तरी देते.

तो तोमीच आहे. गुडघे टेकून नैवेद्य पुढे केला, तर त्याने डाव्या हाताने माझा कान ओढला, लहानपणी ओढायचा तसाच. उजवा नुसता मांडीवर पडलेला. अर्धं अंग लुळं पडलंय रे त्याचं, जीभसुद्धा. ओबाताला अशांना आपली लाडकी लेकरं मानतो, पण अधू माणसाला आपल्याकडे मुकुट नाही. म्हणून मीच त्याला भरवलं आणि ठासून सांगितलं, यंदा बहिणीनेच भरवावं असा देवाचा कौल पडलाय. लोकांनी मानाही डोलावल्या. तेवढ्यात थोरल्या सरदारांनी झग्यातून माझं पत्र काढलं आणि भर चौकात वाचलं. डावा हात, मुकी जीभ, सगळं गावाच्या ध्यानात आलं.

आज राजवाड्यात सरदारांकडून झाकलेला रिकामा भोपळा पोचला. पूर्वी तो आला की राजा प्राण सोडी. आता गाव सोडलं तरी चालतं म्हणतात. आपला तोमी गाव सोडणाऱ्यातला नाही.

तुझ्यावर कशी रागावू? अक्षर माझंच होतं.

भोपळ्याचं झाकण राजानेच काढायचं असतं. त्याला दोन हात लागतात, म्हणून मला आत बोलावलंय.

तुझी अक्का