सुती हातमोजे

प्रिय धाकट्या,

मावशीचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत आहे. बोटं वाचतील, असं डॉक्टर म्हणाले. वळतील का, ते आत्ताच सांगता येत नाही म्हणाले. तू विचारलं नाहीस, म्हणून आधी हेच लिहिते.

तुझ्या सभेची हकिकत कळली. लॉन्ड्रीतल्या सगळ्या बायकांना गोळा करून तू म्हणालास म्हणे, की वाफेच्या कपाटाचा काटा शंभरावर होता, चहाचं आधणही शंभरालाच उकळतं, तेवढ्याने कुणी इतकं भाजत नाही, मावशीनेच निष्काळजीपणा केला. इस्त्रीवाली मला दारातच म्हणाली, "तुमचा भाऊ फार शिकलाय बाई! वाफेलाही चहा समजतो." उचलली जीभ लावली टाळ्याला, असं दुसऱ्या कुणी केलं असतं तर सोडून दिलं असतं. तू त्या लॉन्ड्रीचा इंजिनियर आहेस.

तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी, हे मी दरवर्षी सातवीला शिकवते. ठिणगीचं तापमान आंघोळीच्या पाण्याहून कितीतरी जास्त, पण ठिणगीने कुणाची आंघोळ होत नाही. मुलं हसतात आणि त्यांना कळतं. काटा तापमान सांगतो. हाताला किती उष्णता सोसावी लागेल, ते सांगत नाही. उकळतं पाणी आणि वाफ, दोन्ही शंभरावर. पण पाण्याची वाफ होताना आत गेलेली उष्णता, वाफेचं पुन्हा पाणी झालं की बाहेर पडते. तेवढंच गार पाणी उकळीला आणायला जेवढी लागते, तिच्या पाचपटीहून जास्त. अडकलेली चादर ओढायला मावशीने हात आत घातला, तेव्हा ती सगळी तिच्या कातडीवर उतरली. आणि हे तुला माहीत नव्हतं? किटलीच्या तोंडाशी थंड चमचा धरून मीच तुला दाखवलं होतं. तू बोट पुढे केलंस आणि बोंब ठोकलीस. ते बोट नळाखाली धरून मावशी मला रागावली होती.

तिने रबरी हातमोजे मागितले होते. शंभराला सुती पुरतात, असं तू ठरवलंस. वाफेचं पाणी त्या सुतात मुरलं आणि कढत कापड तिच्या हाताला चिकटून राहिलं. उघडा हात तिने झटकला तरी असता. मोजा काढताना काय निघालं, ते लिहीत नाही. आज तिच्या जागी रफूवाली उभी आहे, तसेच सुती मोजे घालून.

खरा संताप कशाचा येतो, सांगू? मावशीचा तुझ्यावर विश्वास बसलाय. "शंभरच होतं म्हणतो ना तो, मग माझंच कातडं नाजूक. वय झालं." आई गेल्यावर ज्या हातांनी आपल्या दोघांचं सगळं केलं, ते नाजूक! मी समजवायला गेले, तर म्हणाली, "तू लहानपणापासून त्याच्यावर डाफरतेस."

हे पत्र खरं तर तिचं आहे. उजवा हात चालत नाही, म्हणून सकाळी तिने मला कागद घेऊन बसवलं आणि मजकूर सांगितला: चूक माझी होती, पोराला बोल लावू नका, त्याची नोकरी राहू दे. खाली ती डाव्या हाताने सही करणार, आणि तू ते मालकांना दाखवायचं. ती समोरच बसली आहे. एवढा वेळ मी तेच लिहितेय, असं तिला वाटतंय. मघाशी म्हणाली, "दोन ओळींना इतका वेळ? ओरडत तर नाहीस ना त्याला?" मी नाही म्हटलं. पेन मी तिच्या हातात देणार नाही. तू ये. तिच्यासमोर बस आणि चूक कुणाची, ते तुझ्या तोंडाने तिला सांग. मालकांकडे त्यानंतर जा.

तुझीच,
ताई