पाणी तूच सोड

कोबे, २० एप्रिल १९९७

चि. चित्रास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. विद्याच्या शालूचा रंग वाचूनच मी हरखले. इथे सगळे बरे. नात ओवीला मराठीत विचारावं तर ती जपानीत उत्तर देते, वर मी रागावले की हसते. सूनबाई हारुको आता माझ्याहून गोल पोळी लाटते. हवा छान आहे.

छान म्हणजे, मी खिडकीतूनच बघते.

माझ्या पायांवरच्या त्या निळ्या, फुगलेल्या शिरा तुला ठाऊकच आहेत. विद्याच्या लग्नात उभं राहायचं म्हणून मुद्दाम आत्ताच उपचार करून घेतला. कापाकापी नाही गं. शिरेत औषध टोचतात, वरून पट्टी आवळतात, की शीर आतून चिकटून मिटते. त्याच दिवशी चालत घरी आले. पट्टी सोडायची नाही आणि चालत राहायचं, एवढंच पथ्य.

पाडव्याला घरी पूजा होती. सोवळं नेसल्यावर दवाखान्यातली पट्टी कशी ठेवायची? सोडली.

"आई, डॉक्टर नको म्हणाले ना?" हारुको म्हणाली.

"देवापुढे डॉक्टर कुठला गं?" मी म्हटलं.

मांडी घालून पूजा, कथा, आरत्या. उठायला गेले तर पोटरी दगडासारखी. आत, खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. गोळ्या चालू आहेत, घाबरू नकोस. विमानाचं मात्र पुन्हा पुन्हा विचारलं. इथले डॉक्टर तोंडावर नाही म्हणत नाहीत. दातांतून श्वास ओढून "अवघड आहे" म्हणतात. म्हणजे काय, ते मला इतक्या वर्षांत कळतं.

मी लग्नाला येत नाही, चित्रा. झालं, लिहिलं एकदाचं.

भानुदासरावांच्या माघारी विद्याचं कन्यादान ह्यांनी आणि मी जोडीनं करायचं, हा माझा शब्द होता. आता तुझे दीर-जाऊ पाटावर बसायला पुढे होतील. भानुदासरावांच्या आजारपणात ज्यांनी तुझा उंबरा ओलांडला नाही, त्यांच्या हातून पोर द्यायची?

तूच बस. एकटी. पाणी तूच सोड. भटजी कुरकुरतील, जाऊ नाक मुरडेल, मुरडू दे. विधवेनं बसायचं नाही म्हणाले, तर थोरल्या बहिणीनं बसवलंय म्हणून सांग. सोवळ्यापायी मी पाय धरून बसले आहे. तू कुणाच्या सोवळ्यापायी लेकीच्या लग्नात कोपरा धरू नकोस.

मुहूर्ताला मी इथे पायात डॉक्टरांनी दिलेला घट्ट मोजा घालून अक्षता टाकीन. पाटावरून उठलीस की पहिला फोन मला.

तुझ्या शेजारच्या रिकाम्या पाटावर मनानं बसलेली,
जयमालाताई