भाऊजी, दुसरं टोक राहिलंय

प्रिय भाऊजी,

तुम्ही धाकटे दीर. तुम्हाला लिहायचं तर वर 'चि.' घालायचं, हीच माझी सवय. आता ते अक्षर हातून उतरेना. म्हणून नुसतं प्रिय.

आज एकादशी. रताळी उकडली की चूल मोकळी, म्हणून बसायला सवड मिळाली. खरं सांगायचं तर दंड भरून आलाय, दुसरं काही करवत नाही. काल तुमचा भट्टीचा गाडा शाळेत नेऊन आणला. त्याचंच सांगायचंय, आणि जरा भांडायचंही आहे.

झोपेतच गेलात. 'कुणाला म्हणून त्रास दिला नाही,' असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो. मला दिलात ना! दहाव्याला कृष्णेच्या घाटावर काय मांडलंत ते? पिंडाला कावळाच शिवेना. डोक्यावर ऊन, पोटात पाण्याचा घोट नाही. कुणी म्हणालं, "रानाची काळजी करू नगा." कावळा ढिम्म. तुमची चुलत बहीण म्हणाली, "लगीन राहिलं न्हवं, त्यात जीव अडकला आसंल." एक म्हातारा लगेच म्हणाला, "मग आता पोरगी बघायची का काय?" घाटावर लोक हसले, भाऊजी. तुम्ही असतात तर तुम्हीच आधी हसला असता.

मी दमले होते. मी हात जोडले आणि म्हटलं, "भाऊजी, तुमचा गाडा शाळेत नेईन. शिवा की आता." आणि आला की कावळा! सगळ्या भावकीनं ऐकलं. आता सुटका आहे का माझी?

त्या गाड्यानं माझं काय काय नेलं, आठवतंय का? भट्टीला ट्रकचा जुना ब्रेकड्रम तुम्ही भंगारातून आणलात, ऐरणीला रुळाचा तुकडा कुठून पैदा केलात ते देव जाणे. पण भात्याचा पंखा फिरवायला चाक हवं म्हणून माझ्या शिलाई मशीनचं काढलंत! "वहिनी, तुमी तरी कुठं रोज शिवताय?" म्हणालात. तेव्हापासून साधी शिवण उसवली तरी शेजारी जावं लागतं. आणि कोळसा? घरखर्चाच्या वहीत तो कुठं लिहावा, कळेना. शेवटी देवधर्मात लिहीत गेले. हसू नका.

मामंजींबरोबर घरची लोहारकी संपली होती. ह्यांनी तर भट्टीवर त्यांचा मार खाऊन खाऊन वैतागून मिलिटरी धरली. तुम्हालाच कुठून सुचलं, स्कूटरच्या मागं भट्टी जोडून शाळा-शाळांतून पोरांना हातोडा शिकवायचं? इस्लामपूरच्या बाजूच्या शाळा झाल्या, मग पार खंडाळ्यापर्यंत. येताना अंगाला धुराचा वास, आणि तोंडात पोरांचीच नावं. आमच्या पोरांची नावं तरी एवढी घेतलीत का कधी?

तर काल. मी मनाशी हिशोब केला होता. घाटावर 'नेईन' म्हटलंय, 'पेटवीन' म्हटलेलं नाही. गाडा न्यायचा, ऐरणीला हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, पोरांना खोबरं वाटायचं, घरी यायचं. शब्द पुरा. ह्यांनी मित्राचा टेम्पो आणला. गुडघे धरून धरून गाडा चढवला. वाटेत एवढंच म्हणाले, "निस्तं नारळ फोडाया एवढं वझं?"

शाळेच्या बाईंनी पोरं ओळीत बसवली होती. सगळी सुती कपड्यांत! ठिणगीनं पेटतं म्हणून नायलॉनवाल्याला तुम्ही घरी पाठवायचात, ते विसरली नव्हती. मी ठरल्याप्रमाणं नारळ फोडला, खोबरं वाटलं. निघणार, तर एक पोरगी उठून पुढं आली. रुबिना नाव. दप्तरातून रुमालात गुंडाळलेली सळई काढली. एक टोक छान वळलेलं, दुसरं सरळ.

"काकू, काकांनी एकच टोक वळवाया लावलं. दुसरं पुढच्या टायमाला म्हणाले हुते."

"अगं, काका गेले बाळा."

"ठाव हाय. पर सळई हाय की."

तुमची ती रीत! एका खेपेला एकच टोक. मी कितीदा म्हटलं, एकदाच दोन्ही करून द्या, फेरा वाचेल. तर तुम्ही म्हणायचात, "टोक राहिलं म्हंजी पोरगं वाट बघतंय, वहिनी." बघितली हो वाट. आता?

मी ह्यांच्याकडे काडेपेटी मागितली. "आगं, नारळ फोडून झालाय न्हवं?" म्हणाले. "तुमी गप बसा आन् सांडशी धरा," म्हटलं. चारचौघांत असं पहिल्यांदाच बोलले असेन.

चाक मीच फिरवलं. परसात तुमच्यासाठी फिरवायचे तसंच. "वहिनी, झेंडू झाला का बघा," असं तुम्ही म्हणायचा ना, लोखंडाला झेंडूच्या फुलाचा रंग चढला की बाहेर काढायचं. मी तोंड उघडायच्या आत सगळी पोरं ओरडली, "झेंडू झाला!" ह्यांनी सांडशीत सळई अशी धरली होती, जणू सापच धरलाय. पण ऐरणीवर ठेवल्याबरोबर मनगट फिरलं. मामंजींचंच मनगट! "कडंला घे. हळू. आता मार," म्हणाले. रुबिनानं मारलं. रंग काळवंडला की परत भट्टीत, परत झेंडू, परत घाव. शेवटी टोक वळलं. वाकडंच. तुम्ही असतात तर नीट करून घेतलं असतं. तिनं पाण्यात बुडवलं, चुर्र झालं, पुसलं, आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. न्हाणीत बादली आडकवायची हाय."

बाईंनी विचारलं, पुढची तारीख कुठली? मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "सांगतो." सांगतो! गुडघे कुणाचे आणि दंड कुणाचा?

घरी येऊन गाड्याखालची पेटी उघडली. आणखी सळ्या, भाऊजी. सगळ्या एका टोकाच्या. प्रत्येकीला चिंधी, चिंधीवर पोराचं आणि गावाचं नाव. कुणाकुणाला वाट बघायला लावून गेलात हो! एक तरी काम पुरं करून जायचं.

दमलेय मी. वयही झालं. पण आज एकादशीचं देवापुढं बसून सांगते. पेटीत जेवढ्या सळ्या आहेत, तेवढ्यांचं दुसरं टोक ज्याच्या त्याच्या हातानं वळवून घेईन. अमावास्येला भट्टी पेटणार नाही, आणि नवी सळई मी कापणार नाही, तो हट्ट करू नका. पेटी रिकामी झाली, की मग तुमच्यासाठी रडायला बसेन. अजून तेवढी सवड मिळालेली नाही.

तुमची,
वहिनी