वाटीचं सेंटर

प्रिय राजू,

फोनवर बोलले असते, पण अप्पांचा विषय निघाला की तुझी रेंज जाते. म्हणून कागदावर लिहितेय. फोटोतली तुझी लेक गोड आहे. तिच्यासाठी दुकानातून आणलेला पाळणाही दिसला. तीस वर्षं निम्म्या सोलापूरचे पाळणे ज्यांनी लेथवर कातले, त्या अप्पांनी फोटो पाहिला आणि मोबाईल मला परत दिला.

त्यांचा डावा डोळा गेला त्याला दोन वर्षं झाली. उजवा ठणठणीत आहे, डॉक्टर म्हणाले खुशाल काम करा. पण अप्पा लेथला हात लावत नाहीत. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात, हात हलेल म्हणून. हात हलत नाही, राजू. मी रोज बघते. पण साऱ्या पाहुण्यांना तूच सांगितलंस की वय झालं, पटाशी धरताना अप्पांचा हात हलला आणि लाकूड उडून डोळ्यात गेलं. आता तेही सगळ्यांना तेच सांगतात, "माझाच हात हलला की." लेथ विकायला काढलाय. परवा गिऱ्हाईक येऊन बघून गेलं.

फिरतं लाकूड मागच्या बाजूने पेलणाऱ्या त्या सेंटरवरून तुझं आणि अप्पांचं किती वाजायचं. अप्पांचं वाटीचं, मधे बारीक टोक आणि भोवती कड. ते लाकूड धरतं, फाडत नाही. पण त्याला मेण चोळत बसावं लागतं, आणि लाकडावर गोल वळ उठतो. गिऱ्हाईक नावं ठेवतं म्हणून तुला त्या वळाची लाज. लोखंड कातणाऱ्या मित्राकडून तू नुसत्या टोकाचं सेंटर आणलंस. अप्पांनी शंभरदा बजावलं होतं, "ते लोकंडाला हाय. लाकडात पाचरीगत शिरतंय, उभं चिरंल." त्या दिवशी पलंगाचा पाय लेथवर तू चढवलास. एकदा लाकूड चढलं की टोक आत जातं, दिसत नाही. आणि आपल्या घरात एकाने चढवलेलं दुसरा उतरवून बघत नाही, तो अविश्वास समजतात. अप्पांनी विश्वासाने पटाशी लावली.

तू त्यांना रिक्षात घालून नेलंस तेव्हा लेथपाशी मीच राहिले होते. लाकूड उभं चिरलेलं, तुझं सेंटर तसंच. तुझं लग्न आठ दिवसांवर होतं. पोरीकडच्यांना कळलं तर, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी ते काढून डब्यात लपवलं, अप्पांचं बसवलं आणि चिरलेलं लाकूड चुलीत घातलं. दवाखान्यातून आल्यावर अप्पा आधी लेथपाशी गेले. वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं. सेंटर बरोबर होतं, म्हणजे हात चुकला. तू ते बदललेलं सेंटर बघितलंस आणि गप्प राहिलास. मीही राहिले. तुझा जेवढा राग येतो, तेवढाच माझा येतो.

काल ते टोकदार सेंटर डब्यातून काढून मी अप्पांच्या हातात दिलं आणि सगळं सांगून टाकलं. मला ते रागावले नाहीत. टोक अंगठ्याने चाचपत एवढंच म्हणाले, "राजू माज्या हाताचं सांगत हुता, तवा त्याला हे म्हाईत हुतं का?" मी म्हटलं, राजू येऊन सांगेल. "येऊन?" म्हणाले, आणि हसले. ते हसणं तरी खोटं ठरव.

तुझीच,
हेमाक्का