मेंढरांच्या चालीनं

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

न्हावरे, ता. शिरूर
दि. १८ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. सुलक्षणा हिस,
हौसरावाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल. भाऊबीजेला तू आली नाहीस. तुझी साडी वहिनीनं कपाटात ठेवली आहे आणि कपाट उघडलं की ती माझ्याकडं असं बघते, जसं काही मीच तुला येऊ नको म्हणालो. उसाला तोड अजून मिळाली नाही. कांदा लावून झाला.

पत्राचं कारण आबा. आईला जाऊन पाच महिने झाले. तेव्हापासून ते ओट्यावर बसून असतात. जेवायला हाक मारली की येतात, चतकोर भाकरी खातात, पुन्हा ओट्यावर. परवा मात्र स्वतःहून बोलले. मला एकडाव पुन्याला न्या, पुनं बघायचं हाय, म्हणाले. काय बघायचं विचारलं तर काठी घेऊन उठून गेले. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला हौस झाली असेल. चार दिवस तुझ्याकडं पाठवतो. शनिवारवाडा, सारसबाग, काय असेल ते दाखव. गुडघे धरलेत, पण काठी घेऊन हळूहळू चालतात. बन्सीरावांना विचारून कळव.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा,
हौसराव


॥ श्री ॥

हडपसर, पुणे
दि. २७ नोव्हेंबर १९९६

ती. दादास,
सुलक्षणाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

भाऊबीजेला का आले नाही ते ऐक. त्या दिवशी माझ्या दोन खोल्यांत भावकीतले बबनराव धरून सात माणसं होती. डोळे तपासायला आले होते. डोळे एकाचे आणि सोबतीला सहा जण. डॉक्टरनं डोळ्यांत थेंब घातले आणि दुसऱ्या दिवशी त्याच डोळ्यांनी बबनरावांना पुणं बघायचं होतं.

दादा, मला इथं पंधरा वर्षं झाली. माहेरचं, सासरचं आणि दोन्हीकडच्या भावकीचं जेवढं माणूस पुण्याला येतं, ते सकाळच्या एसटीनं गाडीतळावर उतरतं आणि माझं दार वाजवतं. शनिवारवाड्याच्या आत गेलं की जो तो विचारतो, ह्यात वाडा कुठं हाय? जळाला म्हटलं की माझ्याकडं असे बघतात, जशी काडी मीच लावली. कुशाबाईंना केळकर संग्रहालयात नेलं, तर असले अडकित्ते आमच्या घरी बी हायेत म्हणून त्या दारातच बसल्या. शेतात साप निघाला की काठी घेऊन धावणारी माणसं कात्रजला काचेतल्या सापापुढं अर्धा अर्धा तास उभी राहतात. पर्वतीच्या पायऱ्या किती, हे मला झोपेत विचार. परत आलं की सगळ्यांना भूक लागलेली असते आणि स्टोव्हपुढं मी.

गेल्या काही वर्षांत मी शहाणी झाले आहे. पाहुण्यांना एम्प्रेस गार्डनला नेते, ते त्यातल्या त्यात जवळ. त्यांना आत धाडते आणि मी बागेच्या कुंपणाबाहेर, कालव्याच्या कडेला चिंचेखाली बसते. तिथं एक गोल दगड मातीत अर्धा रुतलेला आहे. चपला काढायच्या, त्याच्यावर पाय ठेवायचे आणि पाऊण तास डोळे मिटायचे. अख्ख्या पुण्यात मला आवडणारी तेवढीच एक जागा उरली आहे.

आबांना आत्ता नको पाठवूस. माझा बाप मला जड नाही, पण मी फार थकले आहे आणि आता माझ्या तोंडून कुणाला काहीतरी वाकडं जाईल. ते आबांना जायला नको. उन्हाळ्यात बघू.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी चार ओळी लिही, अबोला धरू नकोस.
तुझी,
सुलक्षणा


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

न्हावरे
दि. ५ डिसेंबर १९९६

चि. सौ. सुलक्षणा हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

रागावलो नाही. बबनरावांच्या डोळ्यांचं वाचून वहिनी पदराआड हसली. पण मी तिला पत्र वाचून दाखवत होतो ते आबांनी ओट्यावरून ऐकलं. संध्याकाळी मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाले, तिला लिव्ह, मला वाडा बी बघायचा न्हाई आन् साप बी न्हाई. मला पोरगी बघायची हाय.

मला वाटलं, तुलाच बघायचं म्हणतात. तसं नाही. सुले, आपल्याला एक थोरली बहीण होती.

मी जन्मायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. तेव्हा आपली मेंढरं होती. दिवाळी झाली की आबा आणि आई कळप घेऊन कोकणाकडं निघायचे, वाटेत पुणं लागायचं. त्या साली आई सव्वा महिन्याची बाळंतीण होती. हडपसरला एका माळ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली, माळ्यानं ज्वारी दिली. रात्रीतून पोरीला ताप भरला. सकाळी कालवा धरून कळप पुढं निघाला आणि दुपारच्या भाकरीला थांबले तेव्हा पोर आईच्या कुशीत गार झाली होती. तिथंच पुरली. कळप थांबत नाही, तेही थांबले नाहीत. पुढं कधी त्या वाटेनं गेले नाहीत. आई मला मधला का म्हणायची ते मला त्या दिवशी कळलं. आपण दोघंच असताना मी कुणाच्या मधला, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

जाण्याआधी आईनं आबांकडून शब्द घेतला, की एकदा जाऊन तिच्यापुढं दूधभाकरी ठेवा. आबांना तेवढंच करायचं आहे. जागा दिसली की मी वळखीन, म्हणतात. मी हिशोब काढला. हडपसरहून कालव्यानं अर्धा दिवस म्हणजे माणूस साडेतीन-चार कोस जातं. म्हणजे पर्वती मागं टाकून विठ्ठलवाडीच्या आसपास असेल.

तू दमली आहेस ते मला कळतं. तरी एवढं कर.
तुझा,
दादा


॥ श्री ॥

हडपसर, पुणे
दि. २ जानेवारी १९९७

ती. दादास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आबा काल सुखरूप पोचले असतील. त्यांनी तुला काही सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

जागा सापडली नाही. ह्यांनी तीन दिवस रजा काढली. रोज सकाळी दूधभाकरीचा डबा घेऊन रिक्षानं विठ्ठलवाडीला जायचं आणि कालव्याच्या काठानं चालायचं. पहिल्या दिवशी आबा पुढं होते. दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्यांचा दंड धरला. तिसऱ्या दिवशी शंभर पावलांवर बसत होते. सगळीकडं इमारती, पत्र्याची घरं, धुणं वाळत घातलेलं. आबा एकच म्हणत राहिले, की परवती म्होरं दिसायची, लांब, तळहाताएवढी. इथं ती मागं कशी? मी म्हटलं, आबा, पंचेचाळीस वर्षांत माणूस विसरतं. मला हडपसरपास्नं चालत येऊ द्या, रिक्षात अंतर कळत न्हाई, असंही म्हणाले. त्या गुडघ्यांनी कसं चालू द्यायचं? मी नाही म्हटलं.

रोज डबा तसाच परत यायचा. चौथ्या दिवशी, त्यांना बरं वाटावं म्हणून, मी त्यांना शनिवारवाड्याला नेलं. मी स्वतःच्या हौसेनं तिथं गेल्याची ही पहिली वेळ. आबांनी दरवाजाचे खिळे चाचपले आणि म्हणाले, ह्यातनं लांडगा काय आत येत नसंल. बाकी काही बघितलं नाही. एसटीत बसताना म्हणाले, पोरगी गेली बिल्डिंगीखाली. तुज्या आईला काय सांगू?

मी घरी आले आणि खूप रडले. स्वतःचाच राग येतो. अख्ख्या मुलखाला पुणं दाखवलं आणि बापाला हवं तेवढं दाखवता आलं नाही.

आबांना जप. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझी,
सुलक्षणा


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

न्हावरे
दि. २० जानेवारी १९९७

चि. सौ. सुलक्षणा हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आबांनी अंथरूण धरलं आहे. पायांना सूज आहे, शिरूरच्या डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलं. घाबरून धावत येऊ नकोस, आधी हे पत्र नीट वाच.

काल कोंडिबाची मेंढरं गावातून गेली. शाळेपाशी होती तेव्हा मी मोटारसायकलवरून न्हाव्याकडं गेलो. दाढी केली, चहा घेतला, सोसायटीत खताचं विचारलं आणि परत आलो, तरी मेंढरं ओढ्यापर्यंत पोचली नव्हती. मी गाडी उभी करून बघतच राहिलो. दहा पावलं चालायचं, बांधावर तोंड घालायचं, एक मागं राहिलं म्हणून सगळ्यांनी थांबायचं. माझ्या मूर्खपणाला काय म्हणावं? मी अर्धा दिवस माणसाच्या पायानं मोजला. धनगराच्या पोटी जन्मून मी मेंढरामागं कधी चाललोच नाही, आता तर बांधावर जायलाही गाडी लागते.

घरी येऊन आबांना विचारलं, अर्ध्या दिवसात मेंढरं किती जायची? म्हणाले, चरत चरत कोस, लई तर सव्वा कोस. आन् मेंढरं सोडून दुसऱ्या कशानं चालायचं रं तवा? मग त्यांची पर्वती बरोबर होती. जागा हडपसरच्या पुढं कोसभरावर आहे, पर्वतीच्या बरीच अलीकडं. तुम्ही रिक्षानं तिच्यावरून पुढं निघून गेलात.

दुसरं सांगतो, हे त्यांनी आत्ता सांगितलं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून आईनं त्या जागेवर तिच्या जात्याचा खालचा दगड ठेवला. दुसरं जड काही नव्हतं. त्या साली कोकणात परक्या जात्यावर दळून खाल्लं. वरचा दगड मात्र परत आणला. तोच आपला परसातला हौदाजवळचा. आठवतं ना, त्याला पाय लागला की आई आपल्याला त्याच्या पाया पडायला लावायची. आपण हसायचो.

त्या दगडाचा घेर मोजून सुतळी पाकिटात घातली आहे. टोकाला गाठ मारली आहे. जमलं तर एकदा शोध. आबा रोज विचारतात, पोस्टमन आला का?
तुझा,
दादा


॥ श्री ॥

हडपसर, पुणे
दि. २७ जानेवारी १९९७

ती. दादास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. कोसभरावर, कालव्याच्या कडेला, गोल दगड. मला शोधायचं काहीच नव्हतं.

दूध घेतलं, भाकरी केली, आणि एकटीच गेले. चिंचेखाली बसले आणि हातानं माती उकरली. दगड सगळीकडून मोकळा केला तर मधोमध खुंट्याचं भोक निघालं, मातीनं बुजलेलं. बागेचा रखवालदार बाहेर येऊन विचारायला लागला, बाई, काय हरवलं? मी म्हटलं, हरवलं नाही, सापडलं. सुतळी दगडाभोवती फिरवली. गाठीला टोक आलं, बोटभरसुद्धा उरलं नाही. वर बघितलं तर झाडांच्या फटीतून पर्वती दिसत होती, तळहाताएवढी.

दगड धुतला. हळदकुंकू वाहिलं. भाकरी दुधात कुस्करून ठेवली आणि मोठ्यानं सांगितलं, की आई आली नाही, आबांना येववत नाही, मी धाकटी आले आहे. चिमण्यांनी खाल्लं. मी उठेपर्यंत निम्मं संपलं होतं. आबांना हे सगळं सांग, शब्दानं शब्द सांग.

पण एक सांगू नकोस. दादा, त्या दगडावर मी इतकी वर्षं पाय ठेवून बसले. दर पाहुण्यामागं एकदा, कधी महिन्यातून तीनदा. शेजारी चपला, वर टाचा. घरच्या दगडाला नुसता पाय लागला तरी आई पाया पडायला लावायची, आणि मी तिच्या पोरीच्या उरावर पाय ठेवून डुलक्या काढल्या. मी डोकं टेकवलं, पुन्हा पुन्हा टेकवलं, तरी मनातून जात नाही. हे तुझ्या-माझ्यातच राहू दे.

आबांच्या पायांवर माझं डोकं ठेव.
तुझी,
सुलक्षणा


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

न्हावरे
दि. ३ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. सुलक्षणा हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

माझ्या हातून चूक झाली. पत्र आलं तेव्हा आबा उशाला टेकून वाटच बघत होते. आधी मनात वाचायला हवं होतं, पण त्यांना धीर नव्हता, म्हणून फोडलं तसं मोठ्यानं वाचत गेलो. पण एक सांगू नकोस, ह्या तुझ्या ओळीपर्यंत आलो तेव्हा थांबलो. आबा म्हणाले, वाच. मी वाचलं.

 आबांनी पाणी मागितलं. आईच्या फोटोकडं बघून म्हणाले, ऐकलंस का गं. नंतर मला म्हणाले, तिला आजच लिव्ह. त्यांनी सांगितलं तसंच लिहितो, माझं त्यात काही नाही.

तवा घाईत पोरीला तिथं टाकून आलो. एकली हाय, ह्याचाच घोर तुज्या आईला मरंस्तवर हुता. ती एकली नव्हतीच. धाकटी दमली, थोरलीच्या मांडीवर पाय टाकून निजली. बहिणी काय करत्यात दुसरं? पाया पडू नगं म्हणावं. पाव्हणं आलं की त्यांना बागंत धाड, आन् पहिल्यावाणी जाऊन बसत जा.

आपल्या तिघांवर आईची माया होती, तशीच आपली एकमेकांवर राहो.
तुझा मधला,
हौसराव