कुलपातली प्रकरणं

४ फेब्रुवारी

वर्षभर एकच प्रकरण लिहून पुसणाऱ्या पोरीला काय म्हणायचं? मी खोडरबर म्हणते. सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम पहिल्या वर्गात पास, कादंबरी मात्र जागच्या जागी. ती पूर्ण करून घ्यायला अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेने मला नेमलंय. प्रकाशक मार्चअखेरपर्यंत हस्तलिखिताची वाट बघणार, नंतर नाव काढायचं नाही. "घाबरू नकोस गं," म्हटलं, "माझ्याकडे आलेला माणूस पुस्तक घेऊनच बाहेर पडतो." उगीच नाही बोलले.

६ फेब्रुवारी

माझा नेहमीचा जालीम उपाय सुरू. झालेलं प्रकरण माझ्या कपाटात, कुलपात. तिच्या लॅपटॉपवर प्रतसुद्धा ठेवायची नाही. मागे वळायचंच नाही — पुढे चल!

"मॅडम, निदान पहिलं पान तरी..." पोरगी रडवेली झाली. नाही म्हणजे नाही. नवरा आतून ओरडला, "अगं, विद्यार्थिनी आहे की कैदी?" त्याला काय जातंय बोलायला!

१९ फेब्रुवारी

गाडी रुळावर आली. दुसऱ्या प्रकरणात नायिकेची आई वारते आणि ती एकटी शहरात येते. कोरडं लिहिलंय, पण नेटकं. सहज विचारलं, "तुझी आई काय करते?"

"शिवणकाम शिकवते. बोलत नाही आम्ही."

पुढे विचारलं नाही. लेखकाच्या घरात शिरायचं नाही, पुस्तकापुरतं बोलायचं, हा माझा दंडक. दुसरं प्रकरण कपाटात टाकलं.

२ मार्च

आज न मागता जादा पानं आणली. चेहराही खुललाय. मी कुणाला हात लावला की असंच होतं.

१५ मार्च

आज तिने मोठ्याने वाचून दाखवलं. नायिकेला नोकरी लागते, पहिल्याच दिवशी साहेबाची बोलणी खाते, जिन्यात बसून घरी फोन लावते. आई म्हणते, "रडून घे आधी, मग सांग." मी टेबलावर थाप मारली. हेच! हाच शेवट! वाचून झाल्यावर तिने डोळे पुसले, मीही. "याला आता हात लावशील तर याद राख," म्हटलं.

२८ मार्च

त्या फोनच्या प्रसंगासकट शेवटचं प्रकरण पुरं होऊन हातात आलं. कपाट उघडलं, सगळा गठ्ठा लावला आणि मोठ्या तोऱ्यात नवऱ्यापुढे ठेवला. पहिला वाचक तोच असतो. दिवसभर खुर्चीतून उठला नाही.

संध्याकाळी चष्मा पुसत म्हणाला, "सुरेख लिहिते पोरगी. फक्त एक सांग, दुसऱ्या प्रकरणात वारलेली बाई शेवटी फोन कशी उचलते?"

गठ्ठा ओढून दुसरं प्रकरण काढलं; बाई खरंच वारलेली. पोरीने मागे पाहिलं नाही, कारण मी पाहू दिलं नाही. पण किल्ली तर माझ्या पर्समध्ये होती! एकेक प्रकरण वाचत होते, वाहवा करत होते, आणि मेलेल्या बाईला बोलताना ऐकून डोळेही पुसले. लाज वाटली, अगदी मनापासून.

२९ मार्च

तिला बोलावून सांगितलं. आधी खो खो हसली, मग ओंजळीत तोंड लपवून बसली.

"मॅडम, मारलं तेव्हा राग होता तिच्यावर. परत कधी जिवंत झाली ते कळलंच नाही मला."

"काही बिघडलेलं नाही," मी म्हटलं, "शेवटी आईच्या जागी मावशी घाल. एका बैठकीचं काम. तारीख हुकता कामा नये." तोड मला तरी झकास वाटली.

"बघते," म्हणाली आणि गठ्ठा घेऊन गेली.

३१ मार्च

प्रकाशकाचे सारखे फोन. हस्तलिखित नाही, पोरगीही नाही. दुपारपर्यंत मी चरफडत बसले.

चारला तिचा फोन आला. "मॅडम, आईकडे आलेय. तिने दार उघडलं."

तारखेचं मी विचारलंच नाही.